पासपोर्ट नको, पण ओळख पटवा: आयरिश समुद्रातल्या फेरीची पार्श्वभूमी

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या होलीहेड–डब्लिन किंवा फिशगार्ड–रॉसलेअर फेरीने जाणाऱ्या ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांवर कायद्याने पासपोर्टची सक्ती नाही. तरी बंदरावर फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं जातं. कोणतं चालेल, हे फेरी कंपनीगणिक बदलतं.

या व्यवस्थेचं नाव ‘सामायिक प्रवास क्षेत्र’. १९२२ मध्ये आयर्लंड वेगळं झाल्यावर पुढच्याच वर्षी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवलेली ही तडजोड. महायुद्धात प्रवास परवाने आले आणि ते सुटायला १९५२ उजाडलं. १९७४ पासून दहशतवादविरोधी कायद्याखाली ब्रिटिश बंदरांत प्रवाशांची चौकशी होऊ लागली.

पण खरं वळण १९९७ चं. त्या वर्षी आयर्लंडने परकीयांविषयीचा आदेश बदलला आणि ब्रिटनहून उतरणाऱ्यांना तपासून परत पाठवण्याचा अधिकार घेतला. ब्रिटिश आणि आयरिश नागरिक त्यातून वगळले होते. मात्र समोरचा माणूस ‘वगळलेला’ आहे हे कागद पाहिल्याशिवाय कळणार कसं? म्हणजे पासपोर्ट न लागण्याची सवलत मिळवायला आधी नागरिकत्व सिद्ध करायचं. हा बदल किरकोळ म्हणून मांडला जातो, ते मला पटत नाही. नाव तेच राहिलं, अर्थ मात्र बदलला. आणि कागद आधी कोणाकडे मागायचा हे रंगावरून, उच्चारावरून ठरतं, अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे. डब्लिनच्या उच्च न्यायालयानेही २०११ मध्ये, विमानप्रवासाच्या संदर्भात, ब्रिटनहून येणाऱ्या सगळ्यांनाच प्रत्यक्षात या तपासणीला तोंड द्यावं लागतं असं नोंदवलं.

त्यात विसंगती अशी की स्कॉटलंडमधल्या केर्नरायनहून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची फेरी एकाच देशातली, कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच आहे, आणि बेलफास्टहून डब्लिनच्या रस्त्यावर नेहमीची तपासणी नाही. तोच माणूस, तोच समुद्र, फक्त बंदर वेगळं.

२०१५ मध्ये आयर्लंडने खिशात मावणारं पासपोर्ट कार्ड काढलं. ते फेरीवर चालतं. ब्रेक्झिटच्या तोंडावर, २०१९ मध्ये, दोन्ही सरकारांनी जुनी व्यवस्था सामंजस्य करारात लिहून काढली, पण हा करार कायद्याने बांधणारा नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून बहुतेक युरोपीय नागरिकांची राष्ट्रीय ओळखपत्रं ब्रिटनने नाकारली. २०२५ पासून व्हिसा न लागणाऱ्या परदेशी पर्यटकांना ब्रिटनमध्ये यायला आधीच ऑनलाइन परवानगी काढावी लागते. डब्लिनहून बेलफास्टला रस्त्याने जातानाही ती हवीच, सीमेवर विचारणारं कोणी नसलं तरी.