डोळे डोक्याच्या वरच्या भागात नसतात, बरोब्बर मध्यावर असतात!

चेहरा काढायला बसलं की बहुतेक जण आधी अंडाकृती काढतात आणि डोळे पार वर, कपाळाला चिकटवून टाकतात, कारण 'डोळे वर, नाक मध्ये, तोंड खाली' असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. हे चूक आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वरचं टोक ते हनुवटी यांचा मध्य काढला तर डोळे साधारण त्याच रेषेवर येतात.

विश्वास नसेल तर आरशासमोर सरळ उभं राहा, एक डोळा मिटा, आरशावरच पेनाने डोक्याचं टोक, डोळा आणि हनुवटी अशा तीन खुणा करा, आणि मग पट्टीने मोजा. टोक म्हणजे कवटीचं हं, फुगलेल्या केसांचं नाही, म्हणून केस दाबून धरा.

मग चूक का होते? आपलं सगळं लक्ष डोळे-नाक-तोंडावर असतं, केसांखालची एवढी मोठी कवटी आपल्याला 'चेहरा' वाटतच नाही, आणि मग चित्रातलं डोकं वरून कापल्यासारखं चपटं दिसतं. बाजूने काढताना तर मागची अर्धी कवटीच गायब होते आणि कान पुढे गालावर येतो, खरं तर तो मध्याच्या जरा मागे असतो, उंचीला भुवई ते नाकाचं टोक यांच्या मध्ये.

लहान मुलांचे डोळे मात्र मध्याच्याही खाली असतात, तिथे मोठ्यांचं माप लावलं की बाळ एकदम म्हातारं दिसायला लागतं. आणि मान वर-खाली झाली की डोळ्यांची ही रेषा सरळ राहत नाही, चेंडूवर गुंडाळलेल्या रबरासारखी वाकते.