इंग्रजीतला पुसट स्वर म्हणजे आळशी उच्चार नव्हे

‘शुद्ध इंग्रजी म्हणजे प्रत्येक स्वर ठणठणीत उच्चारायचा, मधला स्वर गिळणं हा आळस,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे.

इंग्रजी शब्दात जिथे आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसतो, तिथला स्वर बहुधा पुसट ‘अ’सारखा होतो. त्याला ‘श्वा’ म्हणतात. नाव हिब्रूतून आलेलं. इंग्रजी बोलण्यात सर्वाधिक येणारा स्वर हाच. सुशिक्षित, सावकाश बोलणारा इंग्रजही तो उच्चारतोच.

‘फोटोग्राफ’मध्ये आघात ‘फो’वर, म्हणून ‘फोटग्राफ’. ‘फोटोग्राफी’त तो पुढे सरकतो आणि ऐकू येतं ‘फटॉग्रफी’. स्पेलिंग तेच, स्वर मात्र पार बदलले! ‘लेमन’मधला ओ, ‘सर्कस’मधला यू, दोन्हींचा उच्चार हाच.

आपल्याला तर हा आवाज परका नाही. ‘कमळ’ म्हणताना ‘क’मधला ‘अ’ त्याच्या अगदी जवळचा. मुलांकडून सुटे स्वर घोकून घेण्याआधी आघात कुठे पडतो, ते ऐकवा.