सॅक भरणे (बेळगाव सीमाभाग)

दोन-चार दिवसांच्या डोंगरभटकंतीचे सामान निवडून पाठीवरच्या पिशवीत क्रमाने लावण्याची रीत. बेळगावच्या सीमाभागात ती थंडीपेक्षा पावसाने ठरवली आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, आमगाव, तळेवाडी हा सह्याद्रीचा माथा पावसाळाभर ढगात असतो. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे मात्र ज्वारीचे कोरडे रान. बेळगावातली उघडीप बघून सॅक भरणारा म्हणूनच हमखास फसतो.

भरलेली सॅक अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसवतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 किलो. तळाला अंथरूण-पांघरूण, पाठीला लागून मधोमध तांदूळ, भांडी, पाणी, आणि बाहेरच्या अंगाला कपडे. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की चढणीला सॅक मागे ओढते. टॉर्च आणि औषधे वरच्या कप्प्यात.

वरून घालायच्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नये. पाणी पाठीच्या बाजूने उतरतेच. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी हवी. खताच्या पोत्यातले अस्तर स्वच्छ धुऊन घेतले तरी चालते. रोपलावणीत इरले जे काम करते ते इथे पोन्चो करतो, माणूस सॅकसकट झाकतो. कपड्यांचा एक जोड फक्त झोपण्यापुरता. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे चढवायचे. हे नकोसे वाटते, पण कोरडा जोड दिवसा अंगावर आला की रात्र गेलीच.

जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी खिशात ठेवतात. जळू रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडते, त्यामुळे ती सुटल्यावरही जखम वाहत राहते. कापूस-पट्टी हाताशी हवी.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कोरड्या हवेत अशी भाकरी कित्येक दिवस टिकते, घाटात एका रात्रीत सादळते. चिरमुऱ्यांचेही तेच. घट्ट झाकणाच्या डब्याचे वजन त्यासाठी सोसावे. उन्हाळ्यात ओढे आटतात. तेव्हा माणशी किमान 3 लिटर पाणी, म्हणजे 3 किलो, आधी मोजून मगच बाकीचे सामान.

खानापूर तालुक्यातला भीमगड परिसर 2011 पासून अभयारण्य आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. तो कागद आणि ओळखपत्र वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, सॅकमध्ये न टाकता अंगावर ठेवतात.