आखाजीचा डाव आणि हरणारे एक्के

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात झाडांना झोके बांधले जातात, माहेरवाशिणी गाणी म्हणतात आणि ओट्या-ओट्यांवर पत्त्यांचे डाव रंगतात. यंदा आमरस-पुरणपोळीचं जेवण आटोपून यावल तालुक्यातल्या आमच्या गावी लिंबाखाली बसलो होतो. भाचा मोबाइलवर बिनपैशाचं पोकर खेळत होता. एकदम मोबाइल खाटेवर टाकून म्हणाला, "मामा, दोन एक्का व्हतात मनाजोडे, तरी हारनू!"

त्याचं दुःख मला कळलं, कारण आपली सगळी समज तीन पत्तीवर पोसलेली आहे. तिथे तीन पानांचे 22,100 संच होऊ शकतात आणि त्यातले फक्त 4 तीन एक्क्यांचे. ते हाती आले की कुणी हरवू शकत नाही. पोकरमध्ये मात्र हातातली दोन पानं ही नुसती पेरणी असते. पुढे पाच पानं सगळ्यांसाठी उघडी पडतात आणि सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. भाच्याला हरवणाऱ्याच्या हातात किलवरची सत्ती-तिर्री होती. असली पानं कुणी जाणता खेळाडू धरणार नाही. पण उघड्या पानांत राणी, सत्ती, दुर्री आली, मग तिर्री, शेवटी दश्शी. त्याच्या दोन जोड्या झाल्या आणि एक्क्यांची एकटी जोडी पडली.

एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. समोर एकच जण वाटेल ती पानं घेऊन शेवटपर्यंत बसला, तर ती शंभरात 85 वेळा जिंकते. दोघे बसले तर 73, चौघे बसले तर 56 आणि आठ बसले तर सुमारे 35 वेळाच. 85 टक्के आठ वेळा गुणत गेलं तर उत्तर 27 येतं, प्रत्यक्षात 35. हा फरक मला फार आवडतो. उघडी पानं सगळ्यांची एकच असतात. ती निरुपद्रवी निघाली की आठही जण एकदमच गारद होतात, म्हणून आठ धोके एकमेकांपासून सुटे नसतात.

आता हिशोब उलटा मांडा. प्रत्येकाने 100 चिंचोके आधीच टाकले. एकाशी खेळताना मधल्या 200 पैकी सरासरी 170 आपले, म्हणजे नफा 70. चौघांशी 500 पैकी 280, नफा 180. आठांशी 900 पैकी 315, नफा 215. डाव कमी जिंकतो, चिंचोके जास्त घरी येतात! पण आठांसमोर सलग पाच वेळा हरण्याची शक्यता नवात एक आहे, आणि माणसाला ते पाच डावच आठवत राहतात.

म्हणून वाटेल ती पानं धरून बसणाऱ्या अशा ढिल्या खेळाडूंसमोर भारी पानं लपवून बसू नये, सुरुवातीलाच बोली वाढवावी. सत्ती-तिर्रीवाल्याला पुढची पानं फुकट का दाखवायची? त्याला पोकळ बोलीने घाबरवणं मात्र व्यर्थ, तो पानं टाकतच नाही. एक्का-राजा हातात असेल तर तो एक्का-सत्ती घेऊनही येतो आणि अशा गाठीत आपण चारांत जवळपास तीनदा जिंकतो.

चिंचोक्यांवरच सांगतोय, कारण पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी घातली आहे. गणित मात्र कुठेच गेलेलं नाही.

भाच्याला पटेना. मग आजीच्या डब्यातले चिंचोके काढले. दोन एक्के कायम त्याच्याकडे, बाकी चौघांना पिसून पानं, दर डावाला माणशी एक चिंचोका. झोके थांबेपर्यंत 50 डाव झाले. त्याने 29 जिंकले, 21 हरला. हरलेला प्रत्येक डाव तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्यापुढे मात्र 95 चिंचोक्यांची रास पडलेली होती.