सांडपाणी, साबण आणि वाफसा

घरातून बाहेर पडणारे सगळे सांडपाणी एकाच प्रतीचे नसते. शौचालयातून येणारे मैलापाणी वेगळे आणि न्हाणीघर, वॉशबेसिन व कपडे धुण्याचे यंत्र यांतून येणारे साबणाचे पाणी वेगळे. या दुसऱ्या पाण्याला ‘ग्रे वॉटर’ किंवा करडे पाणी म्हणतात, आणि ते घरीच शुद्ध करून बागेला देता येते. घरातील एकूण सांडपाण्यात निम्म्याहून अधिक वाटा सहसा त्याचाच असतो. दोन्ही प्रवाह एकदा एकाच नळीत मिसळले की ते सगळेच मैलापाणी होते, त्यामुळे शुद्धीकरणाचे पहिले काम नळजोडणी वेगळी करण्याचे आहे. स्वयंपाकघरातील पाणी या दोहोंच्या सीमेवर येते. त्यात मैला नसला, तरी तेल आणि अन्नकण इतके असतात की ते न्हाणीघराच्या पाण्यापेक्षा फार लवकर सडते. लहान व्यवस्थेत ते न घेतलेलेच बरे, आणि घ्यायचेच असेल तर त्याला तेल अडवणारी टाकी हवीच.

हे पाणी टाकीत भरून ठेवावे आणि सवडीने बागेला द्यावे, असे पहिल्यांदा सर्वांनाच वाटते. येथेच बहुतेक व्यवस्था फसतात. करड्या पाण्यात त्वचेचे कण, केस, धाग्यांचे तंतू, तेलकट अंश आणि साबण असतो, आणि हे सारे जिवाणूंचे खाद्य आहे. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. हवेतून नवा ऑक्सिजन विरघळण्याचा वेग मात्र मंद असल्यामुळे साठवलेल्या पाण्यातील ऑक्सिजन लवकरच संपतो. त्यानंतर ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू माजतात, सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. याच काळात मैल्याशी संबंधित जिवाणूंची संख्याही अनेक पटींनी वाढू शकते, कारण अंघोळीच्या आणि बाळाच्या दुपट्यांच्या पाण्यातून त्यांतील काही तेथे आलेले असतातच. म्हणूनच प्रक्रिया न केलेले करडे पाणी 24 तासांपेक्षा जास्त साठवू नये, हा नियम जगभर सांगितला जातो. टाकी असावी ती पाण्याचा लोंढा थोपवून सावकाश पुढे सोडण्यापुरती.

पाणी शुद्ध करणारी सर्वांत कार्यक्षम वस्तू बहुतेक घरांच्या बागेत आधीपासूनच असते, आणि ती म्हणजे माती. मातीच्या वरच्या सुमारे 30 सेंटिमीटर थरात जिवाणू, बुरशी आणि बारीक मुळे यांची दाट वस्ती असते. पाणी आणि हवा या दोन्ही गोष्टी मातीच्या पोकळ्यांत एकाच वेळी योग्य प्रमाणात असल्या, म्हणजे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती असली, की ही वस्ती साबणाचे रेणू तोडते आणि रोगजंतूंना तग धरू देत नाही. त्यामुळे बागेला किती पाणी द्यायचे, हाही शुद्धीकरणाचाच प्रश्न ठरतो. रोजचे 200 लिटर पाणी 40 चौरस मीटरवर पसरले तर त्याचा थर 5 मिलिमीटर होतो, आणि उष्ण दिवसांत वाढती झाडे साधारण तितके पाणी सहज वापरतात. तेच पाणी 4 चौरस मीटरवर सोडले तर थर 50 मिलिमीटरचा होतो, वाफसा मोडतो आणि मातीची अवस्था त्या कोंडलेल्या टाकीसारखी होते. पावसाच्या दिवसांत तर करडे पाणी बागेकडून वळवून गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे नेणारी झडप असायलाच हवी.

माती भारी असेल किंवा पाणी अधिक असेल, तर आधी वनस्पतींच्या वाफ्यातून ते गाळून घेता येते. जाळीतून केस आणि तंतू अडवून, छोट्या टाकीत गाळ बसवून पाणी खडीने भरलेल्या, तळाशी जलाभेद्य अस्तर असलेल्या वाफ्यात सोडतात. त्यात कर्दळ, पाणकणीस किंवा देवनळ लावतात. अशा वाफ्यांचे शास्त्रीय प्रयोग 1950 च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी सुरू केले. खरे काम झाडांपेक्षा खडीवर वाढणारा जिवाणूंचा चिकट थर अधिक करतो. मुळे त्याला आधार आणि थोडा ऑक्सिजन पुरवतात. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल वाफ्यात खडीतील पोकळी 40 टक्के धरली, तर 600 लिटर पाणी मावते, म्हणजे रोज 200 लिटर सोडल्यास ते सुमारे तीन दिवस आत राहते. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण उघडे पाणी दिसले की डास आलेच.

मात्र कोणताही वाफा मीठ काढून टाकत नाही. ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचे परिणाम उशिरा दिसतात. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सल्फेट भरपूर असतात. मातीत आलेले सोडियम चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेते, कणांना एकत्र धरणारी ओढ कमी होते, ते सुटे होऊन पोकळ्या बुजवतात, आणि जमीन हळूहळू चोपण होते. वर टणक खपली, खाली कोरडी माती आणि मध्ये साचलेले पाणी, असे तिचे रूप असते. बोरॉनचेही तसेच आहे. झाडांना तो लागतो अत्यल्प, आणि थोडा वाढला तरी पानांच्या कडा करपतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक निकषांत लिटरमागे 0.7 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण निर्धोक मानले आहे. त्यामुळे बोरॅक्स किंवा परबोरेट असलेली धुलाई-उत्पादने टाळावीत, पावडरीऐवजी कमी सोडियमचे द्रव साबण निवडावेत आणि ब्लीच वापरलेल्या धुण्याचे पाणी सरळ गटारात सोडावे.

रोगजंतूंबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 मधील मार्गदर्शक सूचनांचा विचार मला फार समंजस वाटतो. एकाच यंत्राकडून सारी शुद्धी मागण्याऐवजी त्या एकामागून एक अडथळे उभारायला सांगतात. जंतूंची संख्या एक दशांशावर येणे ही एक पायरी धरली, तर ठिबक सिंचनाने जमिनीलगतच्या पिकांवर दोन आणि उंच पिकांवर चार पायऱ्यांची घट मिळते, स्वच्छ पाण्याने धुतल्याने एक, आणि शिजवल्याने सहा ते सात. यामुळे पाणी कसे दिले जाते याला मोठे महत्त्व येते. तुषार सिंचनात बारीक थेंब हवेत उडून श्वासावाटे आत जाऊ शकतात, म्हणून करड्या पाण्यासाठी ते वर्ज्य समजावे. पाणी झाडाच्या आळ्यात, पालापाचोळ्याच्या जाड आच्छादनाखाली सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना आणि कंदांना ते देऊ नये. फळझाडे, शोभेची झाडे आणि कुंपणाच्या वेली यांना द्यावे. क्लोरीन घालण्याचा मोह होतो, परंतु गढूळ पाण्यातील सेंद्रिय पदार्थच तो संपवून टाकतात, आणि उरलेला क्लोरीन मातीतील उपयुक्त जिवाणूंना मारतो.

जमीन चोपण होऊ लागली आहे का, हे घरीच पाहता येते. आळ्यातील मातीचे वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या भांड्यातील पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडावे आणि न ढवळता काही तास ठेवावे. ऑस्ट्रेलियन मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी 1967 मध्ये मांडलेल्या कसोटीचे हे सोपे रूप आहे. ढेकूळ नुसते फुटून तळाशी पडले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर सोडियमची काळजी नाही. त्याच्याभोवती दुधाळ वलय पसरले, तर कण सुटे होत आहेत. अशा वेळी साबण बदलावा, सोडियमची जागा पुन्हा कॅल्शियमने घ्यावी म्हणून आळ्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) मिसळावे आणि मोकळे झालेले सोडियम मुळांच्या खाली वाहून जाईल इतके गोडे पाणी काही वेळा द्यावे.