न्यू ऑर्लिन्सचा १८७८ चा नकाशा आणि २००५ चा पूर

जुने नकाशे लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात, पण टी. एस. हार्डी या सिटी इंजिनियरने १८७८ मध्ये काढलेला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा नकाशा खरं तर भूगोलाच्या वर्गात लावायला हवा. मिसिसिपी नदी तिथे मोठा वळसा घेते, आणि वळणाच्या आतल्या बाजूचे रस्ते बघा, काठावर एकमेकांपासून लांब आणि आत जाता जाता जवळ येत हातपंख्याच्या काड्यांसारखे जुळणारे. हे कुणी ठरवून केलेलं नाही. फ्रेंचांच्या काळात जमिनी वाटल्या त्या काठावर जेमतेम रुंदी आणि मागे लांबच लांब पट्टा अशा, बऱ्याचदा ४० आर्पां (जुनं फ्रेंच माप) म्हणजे जवळपास २.३ किमी, कारण काठ प्रत्येकालाच हवा होता, बोटी तिथेच लागायच्या आणि चांगली जमीनही तिथेच. पुढे मळे विकले, प्लॉट पडले आणि पट्ट्यांच्या हद्दी धरूनच रस्ते निघाले.

आता काठालाच चांगली जमीन का? पूर आला की पाणी काठाबाहेर पडतं, पडल्या पडल्या त्याचा जोर कमी होतो, मग जड रेती तिथल्या तिथे बसते आणि बारीक चिकणमाती वाहत लांब जाते. हजारो वर्षं हेच होऊन काठ समुद्रसपाटीपेक्षा ३-४ मीटर उंच झाला, मागे उरली दलदल. आपल्याला नदीवर जायचं म्हणजे उतरायचं एवढंच माहीत, तिथे नदीकडे जाताना चढ लागतो! हार्डीच्या नकाशात वस्ती मुख्यतः या उंच पट्टीवरच दिसते.

मग १९१३ मध्ये बाल्डविन वुड या इंजिनियरने जबरदस्त ताकदीचा स्क्रू पंप आणला, दलदलीतलं पाणी उपसलं आणि तिथे घरं झाली. पण ती माती कुजक्या पाला-मुळांची, पाणी गेलं की आत हवा शिरते, माती कुजून आक्रसते आणि जमीन खचते. आज जवळपास निम्मं शहर समुद्रसपाटीखाली आहे.

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना चक्रीवादळ आलं, कालव्यांच्या भिंती फुटल्या, शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. कोरडी राहिलेली काठाची पट्टी १८७८ च्या वस्तीशी बरीचशी जुळते, आणि पंख्याच्या काड्या जिथे जुळतात तो ब्रॉडमूर भाग पूर्ण पाण्यात. पंप आजही लागतातच, पण जितका उपसा तितकी जमीन आणखी खचते, म्हणून पावसाचं पाणी लगेच बाहेर न फेकता मोकळ्या जागांत मुरवायचे प्रयत्न आता तिथे चालू आहेत.