कोल्हापूर–नागपूर: 700 किलोमीटरच्या आकड्यामागे

कोल्हापुरात अंतर किलोमीटरमध्ये फारसं कोणी सांगत नाही. पुणे चार-पाच तासांचं, मुंबई रात्रभराची, आणि नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये अख्खा दिवस काढूनही न संपणारं. विमानाचा विषय निघाला की मात्र दोन आकडे समोर येतात: सुमारे 700 किलोमीटर आणि सव्वा-दीड तास. दोन्हींची कुळी वेगळी आहे.

700 हे उजळाईवाडी ते सोनेगाव, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंतचं, गोल पृथ्वीवरचं सरळ अंतर. त्याला लागतात फक्त दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश. ते या देशात पक्के बसवण्याचं काम इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासकडून सुरू केलं. साखळ्या आणि कोन मोजायचं थिओडोलाइट घेऊन मोजत मोजत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाटला वारले. आकडेमोडीचं सूत्र खलाशांचं. विमानवाल्यांनी ते उचललं, आणि सोबत सागरी मैलही. 1929 मध्ये तो 1852 मीटरचा ठरला. त्या हिशेबाने नागपूर 380 सागरी मैलांच्या आत-बाहेर येतं.

वेळेचं गणित इतकं सरळ नाही. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच. चाकांखालची अडण काढून विमान हललं तिथपासून, दुसरीकडे उभं राहून पुन्हा अडण लागेपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, चढणं-उतरणं आलं, वळसाही आला. मग विमान कोणतं, हा प्रश्न. पंख्याचं एटीआर ताशी साधारण 500 किलोमीटरने जातं, छोटं जेट 800 च्या आसपास. शिवाय वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा असतो, म्हणजे नागपूरला जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेचा होतो आणि हिशेब उलटतो.

पण कोल्हापूरचं खरं दुखणं धावपट्टीचं. राजाराम महाराजांच्या काळात, जानेवारी 1939 मध्ये इथला विमानतळ सुरू झाला. तेव्हा संस्थानाला विमान हवंसं वाटलं, हे आजही कौतुकाचं. पुढे मात्र ही धावपट्टी बराच काळ 1370 मीटरवरच राहिली. एवढ्याशा पट्टीवर मोठं जेट उतरत नाही. मग पंख्याचं विमान, आणि तेही कधी आहे, कधी नाही. नागपूरचं नशीब वेगळं. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री तिथेच येऊन थैल्यांची अदलाबदल करत. एक गाव देशाच्या मधोमध, दुसरं राज्याच्या कोपऱ्यात.

अंतर आणि वेळ यांची सरकारी गाठ मारली ती छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेने. 2016 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत साधारण 500 किलोमीटरचा, म्हणजे तासाभराचा प्रवास, ठरावीक जागांसाठी 2500 रुपयांत बसवला होता. कोल्हापूर–मुंबई हवेतून जेमतेम 310 किलोमीटर, त्यामुळे ते त्यात आरामात मावलं आणि 2018 मध्ये ती सेवा सुरूही झाली. पुढे धावपट्टी 1930 मीटरची झाली, मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, आणि 2025 मध्ये नागपूरलाही थेट विमान जाऊ लागलं.